झाडं एकाची, जमीन दुसऱ्याची, वाट सगळ्यांची

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआजवळच्या फाकारेवारेवा जंगलाच्या वायपा फाटकापाशी सायकलवाटांचा मोठा नकाशा उभा आहे. मी तिथं पोचलो तेव्हा त्याच्या शेजारी सूचना लावलेली होती: अमुक वाटा बंद, लाकूडतोड चालू आहे. डोंगराचा एक अख्खा उतार बंद होता. पाइनची दाट रांग असायची त्या जागी नुसते खुंट, फांद्यांचे ढीग आणि लोखंडी पंज्यानं ओंडके उचलणारं यंत्र. त्या उतारावरची वाट झाडांबरोबर गेली होती. शेजारी एक आजोबा सायकलची साखळी फडक्यानं पुसत होते. त्याच वाटेवर त्यांनी कित्येक वर्षं सायकल चालवली होती. मी हळहळलो, तर ते शांतपणे म्हणाले, "तोडण्यासाठीच लावलेली झाडं आहेत ती. यंदा या डोंगराची पाळी आली." आणि दुसऱ्या वाटेनं निघून गेले.

त्यांच्या त्या वाक्यात मला जे शोधायचं होतं त्याची सुरुवात होती. डोंगरातली सायकल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हेल्मेट, उडी, चिखल, पोटात गोळा आणणारा उतार येतो. ते सगळं रोटोरुआत आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. पण एवढ्याशा शहराला लागून सुमारे दोनशे किलोमीटरच्या सायकलवाटा तीसेक वर्षं टिकतात, वाढतात, त्यावर कोणी तिकीट लावत नाही, आणि जमिनीचा मालक, लाकूडवाला आणि सायकलवाला हे तिघं एकमेकांच्या उरावर बसत नाहीत, हे कसं जमतं? सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा.

रोटोरुआ न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, तळ्याकाठी वसलेलं, लाखाच्या आत वस्तीचं शहर. रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतूनही कुठं कुठं वाफ येते आणि हवेत गंधकाचा वास कायम. शहराच्या दक्षिण अंगाला सुमारे ५,६०० हेक्टरचं हे जंगल. संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसं घरी न जाता थेट इथं येतात. गाडीच्या मागं सायकल टांगलेलीच असते. २००६ साली माउंटन बाइकिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा या शहरात झाली. डोंगरउताराच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल आणि ब्रिटनची ट्रेसी मोझली जिंकले. २०१५पासून क्रँकवर्क्स हा जगभर फिरणारा सायकलमेळाही शहराबाहेरच्या न्गोंगोटाहा डोंगरावर भरू लागला. पण स्पर्धा वर्षातले काही दिवस. बाकीचे दिवस जंगल शाळकरी पोरांचं, निवृत्त मास्तरांचं आणि पाठीवर तान्हं बांधून चालणाऱ्या आयांचं असतं.

हे जंगल मुळात जंगल नव्हतं. १० जून १८८६च्या रात्री जवळचा टारावेरा ज्वालामुखी फुटला. सुमारे १२० माणसं गेली, गावं राखेखाली गाडली गेली, आणि जगभरचे प्रवासी ज्या गुलाबी-पांढऱ्या पायऱ्या पाहायला यायचे त्या नाहीशा झाल्या. त्याआधीच्या हजारो वर्षांच्या स्फोटांनी या सगळ्या मुलखावर प्युमिस या सच्छिद्र, हलक्या दगडाचा चुरा पसरलेला होताच. या जमिनीवर गुरं-मेंढरं खंगून मरायची. मातीत कोबाल्ट कमी असल्यानं हे होतं, हे कळायला १९३०चं दशक उजाडलं. तोवर सरकारनं बरीचशी जमीन झाडांना देऊन टाकली होती. मूळची रानं तुटत चालली होती, उद्या लाकूड कुठून आणायचं ही धास्ती होती. फाकारेवारेवात रोपवाटिका निघाली, देशोदेशीची झाडं लावून पाहिली. दक्षिणेला वायोटापूला १९०१ साली कैद्यांची छावणी उभारून त्यांच्याकडून लागवड करून घेतली. त्याच साली फाकारेवारेवात लावलेल्या कॅलिफोर्नियाच्या रेडवुडचा सहा हेक्टरांचा तुकडा आजही उभा आहे. खोडाला तिघांनी हात धरून वेढा घालावा एवढा घेर, आणि शेंडा पाहायला मान पार मागं टाकावी लागते. लाकडाच्या धंद्यात मात्र बाजी मारली रेडिएटा पाइननं. तीसेक वर्षांच्या आत तो तोडायला येतो.

रेडवुड कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. रेडिएटा पाइनही तिथलाच, मॉन्टरे उपसागराच्या आसपासचा. आणि त्या पाइनखालून धावणारी सायकलसुद्धा तिथलीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथं १९७०च्या दशकात जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी जुन्या जाडजूड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून सुटायची. १९७६पासून त्यांनी ज्या उतारावर शर्यती लावल्या त्याचं नाव पडलं रिपॅक, कारण एका फेरीत मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि तो पुन्हा भरावा लागायचा. १९७७-७८मध्ये ब्रीझनं खास डोंगरासाठी सांगाडे जोडले, १९८१मध्ये कारखान्यात बनलेली सायकल दुकानात आली, आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला.

याच मरीनमध्ये पुढं काय झालं ते आपण विशेष लक्षात ठेवावं. पायी चालणारे आणि घोडेस्वार वैतागले, वाटांचे मालक असलेल्या संस्थांनी अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी घातली, आणि भांडण दशकानुदशकं चाललं. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या सायकलवाल्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना काढली ती या बंदीतून धडा घेऊनच. नुसतं मोकळं रान सापडलं म्हणून घुसलं की पुढं फाटक लागतं. जिथं हा खेळ जन्मला तिथंच त्याला चांगल्या वाटांसाठी झगडावं लागलं. रोटोरुआत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वाटा खणायला लागलेल्या मंडळींच्या पुढं निदान हे उदाहरण होतं.

वाट खणणं म्हणजे काय, हे मी तिथल्या एका स्वयंसेवी खणणाऱ्यांच्या टोळीबरोबर पाहिलं. शनिवारची सकाळ, हातात कुदळी, फावडी, दाताळी. टोळीची प्रमुख पन्नाशीची बाई, कमरेला करवत, बोटांच्या पेरांत काळी माती. काम अर्ध्यावर आलं आणि सरी कोसळली. सगळे झाडाखाली गेले. तिनं मला मात्र वाटेवरच उभं केलं. "आता बघ पाणी काय करतंय ते. वाट पाण्यासाठी बांधायची असते, सायकल नंतर."

मी पाहत राहिलो. डोंगराच्या कुशीत पायरी काढावी तशी मीटरभर रुंदीची पट्टी कोरलेली. ती पट्टी अगदी सपाट नव्हती, दरीच्या बाजूला जेमतेम कलती होती. शंभराला पाच, असं तिचं माप. वरून आलेलं पाणी वाटेवर रेंगाळलं नाही, पातळ पापुद्र्यासारखं पसरून पलीकडं उतरून गेलं. थोड्या अंतरावर उतरणारी वाट अचानक दोन पावलं चढली आणि मग पुन्हा उतरली. चालवणाऱ्याला वाटतं, मजेसाठी उंचवटा ठेवलाय. प्रत्यक्षात वाटेबरोबर धावू पाहणारं पाणी त्या खोलगटात अडतं आणि बाहेर पडतं. एका जागी मात्र तिला कपाळाला आठी पडली. सायकलस्वारांनी घाबरून ब्रेक दाबून मागचं चाक घसटवलं होतं, त्यानं दोन बोटं खोल चर पडला होता, आणि पाण्याला तो चर सापडला होता. लालसर पाणी त्यातून सुटलं होतं. "हा चर आज बुजवला नाही तर हिवाळ्यानंतर इथं गुडघाभर घळ," ती म्हणाली. पाऊस थांबायच्या आत ती दाताळं घेऊन वाकलीही होती.

या कामाचे नियम शेतात बांध घातलेल्या कुणालाही पटकन उमगतील. बाजूच्या उताराच्या निम्म्यापेक्षा वाटेचा उतार जास्त नको, नाहीतर पाणी आडवं जाण्याऐवजी वाटच धरतं. एकूण चढ सरासरीनं दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीचा कलता कठडा, त्याला बर्म म्हणतात, कुटून कुटून घट्ट करायचा. झाडाची मुळं तोडायची नाहीत, वाट त्यांच्यावरून किंवा वळसा घालून न्यायची. रोटोरुआला निसर्गानं एक देणगी दिली आहे. जिच्यावर गुरं जगली नाहीत तीच प्युमिसची माती पाणी झरझर पिते. वर्षाला सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत वाटून. त्यामुळं सर थांबल्यावर तासाभरात वाट चालती होते.

सायकलवर बसल्यावर हा सगळा हिशेब अंगाला कळतो. चढ असा आखलेला की दम लागतो पण उतरावं लागत नाही. आजूबाजूला पोंगा नावाच्या वृक्षनेच्यांच्या छत्र्या, वर पाइनची सूं सूं. माथ्यावर आल्यावर बटण दाबून सीट खाली घ्यायची, दोन्ही पेडल एका पातळीत, टाचा खाली, कोपर बाहेर. वळण येण्याआधी ब्रेक लावून घ्यायचा आणि वळणात शिरल्यावर सोडून द्यायचा. नजर पुढच्या चाकावर ठेवली की गेलात. नजर वळणाच्या तोंडापलीकडं, जिथं निघायचंय तिथं. मग बर्म चाकाला आपणहून धरून ठेवतो, शरीर एका बाजूला ओढलं जातं, सायकल तिरपी होते आणि पुढच्या क्षणी पलीकडच्या वळणावर सरळ उभी असते. डावं, उजवं, डावं. पोटातली भीती केव्हा आनंदात विरघळली ते कळत नाही. माणसानं खणलेल्या मातीवर इतका विश्वास टाकता येतो, याचं मला पहिल्या उतरणीवर फार अप्रूप वाटलं.

वाटांना अवघडपणाच्या सहा पायऱ्या आहेत. पहिलीवर चिमुरडीही जातात. वरच्या पायऱ्यांवरची तूहोटो आरिकी ही वाट पाइनमधून नव्हे, मूळच्या रानातून उतरते. ओल्या मुळांचं जाळं, अंधार, पाय टेकायला जागा नाही. तिचं नाव एका अतिवृद्ध माओरी तोहुंगाचं आहे. तोहुंगा म्हणजे विद्या आणि विधी जाणणारा माणूस. टारावेरा फुटला तेव्हा 'ते वायरोआ' नावाच्या गावातल्या आपल्या झोपडीत ते गाडले गेले आणि चार दिवसांनी खणून काढले तेव्हा जिवंत होते. स्फोट त्यांनीच ओढवला अशी गावातल्या काहींची समजूत होती. नंतर ते रुग्णालयात वारले. दुसऱ्या एका वाटेचं नाव काटाओरे, तिकीटापू तळ्याजवळ वाटसरूंना गिळणाऱ्या दंतकथेतल्या राक्षसी प्राण्याचं. या नावांवरून कळतं की ही जमीन कुणाची आहे.

आणि इथं खरा गाभा आहे. १९८०च्या दशकात न्यूझीलंड सरकार आपली जंगलं विकायला निघालं. माओरी परिषद न्यायालयात गेली. १८४०च्या वायटांगी करारानं आम्हाला दिलेल्या शब्दाचं काय, जमिनीवरचे आमचे दावे निकाली निघण्याआधी तुम्ही ती विकणार कशी? १९८९च्या कायद्यानं तोडगा निघाला. सरकारनं झाडं तोडण्याचे हक्क विकले, जमीन विकली नाही. जमिनीचं भाडं एका न्यासात साठत राहिलं, दावा सिद्ध करणाऱ्यांसाठी. मग २००८ साली मध्य उत्तर बेटावरच्या जमातींच्या समूहाशी समझोता झाला आणि १ जुलै २००९ रोजी सुमारे पावणेदोन लाख हेक्टर वनजमीन त्यांच्याकडं परत गेली. फाकारेवारेवा त्याच मुलखातलं. झाडांचं पीक घेणारी कंपनी वेगळी, जमिनीचे मालक माओरी, लोकांच्या वावरासाठी नगरपरिषदेचे मालकांशी आणि कंपनीशी करारमदार, आणि वाटांची डागडुजी करायला न्यास आणि स्वयंसेवकांच्या टोळ्या.

कागदावर हे गुंतागुंतीचं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येकाला आपली हद्द ठाऊक असल्यानं भांडण कमी. तोड सुरू असेल तर वाट बंद, कारण झाडं पीक आहेत. पवित्र जागा असेल तर वाट वळवायची, कारण जमीन जमातीची आहे. मालक परक्यांना आपल्या जमिनीवर येऊ देतात ते औदार्यानं देतात, आणि शतकभर जमीन हातातून गेलेल्या समाजानं ते औदार्य दाखवावं याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्याचबरोबर हेही खरं की नाही म्हणण्याचा हक्क हाती असल्यावरच माणूस मोकळेपणानं हो म्हणू शकतो.

दुसरी गोष्ट मला एका मराठी बाईंकडून कळली. मूळच्या कराडकडच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स. त्यांनी जेवायला बोलावलं, ताटात पिठलं-भाकरी होती, आणि अंगणात चिखलानं माखलेली त्यांची स्वतःची सायकल. मी विचारलं, "ताई, इतके लोक पडतात, हात-पाय मोडतात. मालकावर कुणी खटला नाही भरत?"

"इथं भरताच येत नाही," त्या म्हणाल्या. "शनिवार-रविवारी गळपट्टीचं हाड मोडलेले येतातच आमच्याकडं. चूक कुणाची, वाट कुणाची, काही विचारायचं नाही. फॉर्म भरायचा, हाड बसवायचं."

१ एप्रिल १९७४पासून त्या देशात अपघात भरपाईची सरकारी योजना आहे. अपघात झाला की उपचाराचा बराचसा खर्च ती उचलते, पाहुण्या प्रवाशाचाही, आणि त्या बदल्यात दुखापतीच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा मार्ग कायद्यानं बंद केला आहे. त्यामुळं जमिनीच्या मालकाला, कंपनीला, वाट खणणाऱ्या टोळीला भरपाईच्या खटल्याची धास्ती नाही. जगातल्या कितीतरी डोंगरांवर 'आत जाण्यास मनाई' ही पाटी लागते ती याच धास्तीपायी. रोटोरुआच्या वाटांचं श्रेय ज्वालामुखीच्या मातीला जितकं, तितकंच पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याला आहे, असं माझं मत झालं आहे.

परत आल्यावर मी साताऱ्याच्या डोंगरांकडं वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. इथंही लहान शहर आहे, लागून डोंगर आहे, पहाटे यवतेश्वरचा घाट सायकलवर चढणारी पोरं-पोरी आहेत. त्यातल्या काहींना डांबर सोडून रानात शिरायचं असतं, आणि ती शिरतातही, ढोरवाटांनी, गवतातून. त्यांचा उत्साह मला कळतो. तरी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. कासचा सडा ही जागा चाकाची नाही. जांभ्यावर बोटभर मातीचा थर, त्यात जगात इतरत्र न सापडणारी फुलं. २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यात कास आहे. ओल्या सड्यावर चाकाची एक रेघ उमटली की ती कित्येक हंगाम बुजत नाही. जिथं मूळचं, दुर्मीळ काही उरलंय तिथं चाक नकोच.

रोटोरुआची वाट लावलेल्या झाडांतून जाते, आणि आपल्याकडंही लावलेली झाडं भरपूर आहेत. शहरांजवळच्या कितीतरी उतारांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांच्या लागवडी आहेत. पक्षीही फारसे न फिरकणारी ही रानं. तिथं दोन-पाच किलोमीटरची नीट आखलेली वाट केली तर काय बिघडेल? अडचण पावसाची आहे. महाबळेश्वरला चार महिन्यांत सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर कोसळतो, रोटोरुआच्या वर्षभराच्या चौपट. म्हणजे वाट गणपती होईपर्यंत बंद ठेवायची, दगडी सोलिंग करायचं, पाण्याला दर दहा पावलांवर बाहेरचा रस्ता द्यायचा. आमच्या बापजाद्यांनी डोंगरउतारावर ताली घालून शेती केली, तेव्हा हे ज्ञान बाहेरून आणायची गरज नाही.

मोठी अडचण कायद्याची आणि मालकीची. १९२७च्या भारतीय वन कायद्यानं राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानं वनेतर कामाला केंद्राची मंजुरी लागते. पण २००६च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वन सांभाळण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं तो २००९ साली मिळवून बांबूचा कारभार स्वतः करून दाखवला. बांबूचा होतो तर वाटेचा का होऊ नये? तुमच्या गावच्या रानात वाट करायची तर ग्रामसभेनं ठरवावं, तिनं अटी घालाव्यात, तिनं बंदही करावी. शहरातल्या सायकल क्लबांनी वनाधिकाऱ्यांच्या दारात उभं राहण्याआधी गावच्या पारावर बसायला हवं. अजून बहुतेक जण ते करत नाहीत, आणि मला ते खटकतं.

मी बसलो. कासच्या रस्त्यावरचं एक गाव, देवळापुढचा पार, ज्यांना सगळे तात्या म्हणतात असे एक म्हातारे शेतकरी. फोनवर रोटोरुआची छायाचित्रं दाखवली. त्यांनी ती बारकाईनं पाहिली, बर्मवर बोट ठेवून विचारलं, "ही माती कुटलीया न्हवं?" मग प्रश्नांची सरबत्ती. माघात गवत कापतो आम्ही, तवा ही सायकल कुठनं जाणार? जाळरेषा दरसाल फॉरेस्टवाले साफ करत्यात, तिच्या कडंनं नेली तर दोन्ही कामं एकात होतील का? पैसं आलं तर फॉरेस्टच्या खात्यावर का गावाच्या समितीच्या? एखादं पोरगं पडलं, पाय मोडला, तर अंधारात खाली कुणी आणायचं, आन् त्याचा बाप आमच्या नावानं पोलिसात गेला तर?

एकाही प्रश्नाला माझ्याकडं पक्कं उत्तर नव्हतं. पण रोटोरुआत नेमक्या याच गोष्टी कराराच्या कलमांत आणि कायद्यात बसवल्या आहेत, एवढं मी सांगितलं. तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग फोन परत देत म्हणाले, "वाटंला आमची ना न्हाई. पयल्यांदा गुरांची वाट आखा, मग गवताच्या भाऱ्याची. ऱ्हाईल त्या जागंत तुमची सायकल बसवा. खांदायला आमची पोरं येतील, फकस्त रोजगार रोजच्या रोज द्या, आन् फागणाच्या आत काम उरका."